पेठेतला गलका आणि सहाव्या मजल्यावरची सामसूम

पत्र ५२ वर्षांच्या एका ताईंचं आहे. माहेर राधानगरीकडच्या खेड्यातलं, सासर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत घरात पाणी शिरलं. नंतर वाटण्या झाल्या, घर विकलं गेलं, आणि आता हे कुटुंब कळंब्याच्या बाजूला एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतं. फ्लॅट ऐसपैस आहे, हवा आहे, पाण्याची ददात नाही. फक्त ताईंना झोप नाही. त्या लिहितात, ‘इथं रात्री इतकी सामसूम असते की कानात सूं असा आवाज येतो. पेठेत पहाटेपासून काही ना काही वाजत असायचं, आणि तिथं मी शांत होते.’

घर सोडण्याआधी त्यांनी मोबाईलवर काही आवाज टिपून ठेवले. नळाला पाणी आल्यावरची बायकांची गडबड, शेजारच्या तालमीतले शड्डू, पत्र्यावरचा पाऊस. रोज रात्री इअरफोन लावून त्या ते ऐकतात. शिवाय अधूनमधून ‘फिरायला जाते’ असं सांगून पहाटे स्कूटर काढतात, जुन्या गल्लीच्या तोंडाशी जरा वेळ उभ्या राहतात आणि परत येतात. घरात हे कुणाला माहीत नाही. जुन्या घरातलं ठोक्यांचं घड्याळ त्यांनी हट्टानं इकडं आणलं, पण झोपमोड होते म्हणून यजमानांनी ते बंद करून कपाटावर ठेवलंय. पाऊस आला की यजमान उठून खिडक्या घट्ट लावून घेतात. ‘आणि हेच गृहस्थ पावसाळ्यात रात्री उठून मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. सहाव्या मजल्यावर राहून! मला मात्र म्हणतात, तुझं आता वय झालं.’ पुण्यात नोकरी करणारी मुलगी म्हणते, आई, तू अजून तिथंच राहतेस.

ताईंचे प्रश्न असे: मी नव्या घराशी कृतघ्नपणा करतेय का? हा मनाचा काही आजार आहे का? आणि पेठेत भाड्यानं का होईना, परत जाऊया असा हट्ट धरू का?

नमस्कार ताई,

मधला प्रश्न आधी घेते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. नाही, हा आजार नाही. पण अशी शंका येणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. १६८८ मध्ये बाझेलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं प्रबंध लिहून घराच्या ओढीला चक्क रोग ठरवलं होतं. पुढच्या शतकात हा रोग म्हणे परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांना फार होई, आणि त्याला निमित्त होई एका गाण्याचं. डोंगरात गुरं राखणाऱ्यांचं ते साधं गाणं. ते कानावर पडलं की शिपाई रडायचे, पलटण सोडून पळायचे. तत्त्वज्ञ रूसोनं १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहून ठेवलंय की हे गाणं पलटणीत वाजवायला बंदी होती आणि ती मोडणाऱ्याला देहदंड होता. पण मला त्यातलं आवडतं ते पुढचं वाक्य. रूसो म्हणतो, त्या सुरावटीत शोधायला गेलं तर तसं काहीच सापडत नाही आणि परक्या माणसावर तिचा काही परिणाम होत नाही. ती गाणं म्हणून काम करत नाही, आठवणीची खूण म्हणून करते.

ही गोष्ट मनाशी ठेवा, कारण तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाशी मला जरा भांडायचंय. तुमचं म्हणणं असं दिसतं की पेठेतल्या त्या आवाजांत शांतपणा होता आणि तो तुम्ही तिथं सोडून आलात.

राधानगरीकडचं खेडं सोडून तुम्ही नवरी म्हणून या पेठेत आलात, ते पहिले महिने आठवून बघा. माहेरी रात्री रातकिडे, गोठ्यातल्या जनावराच्या गळ्यातली घंटा, हंगामात उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरमाळा. आणि इथं? भल्या पहाटे भिंतीपलीकडं शड्डू, नळावर भांड्यांची आदळआपट, कुणाच्या तरी स्टोव्हची घरघर, लांबून देवळातली घंटा. मला वाटतं तेव्हा तुम्ही डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहत असाल, आणि ज्या आवाजांसाठी आज स्कूटर काढता त्यांनाच शिव्या देत असाल. माणसाचा मेंदू झोपेतही कान बंद करत नाही. ओळखीचा आवाज तो सोडून देतो, अनोळखी आवाजाला जागा होतो. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग जास्त सावध राहतो, असं झोपेच्या अभ्यासात दिसूनही आलंय. म्हणजे पेठेतले आवाज शांत होते असं नाही. त्यांच्यात राहून राहून तुम्ही त्यांना शांत करून घेतलंत. एकदा जमलेलं काम आहे हे.

आता दुसरी बाजू. तुम्ही सून होतात. पहाटेचे आवाज अंथरुणात पडून ऐकायची चैन तुम्हाला कधी मिळाली? नळावरच्या गडबडीत तुमचीही घागर होती. त्या वेळी शेजारच्या घरात एखादी बाई कूस बदलून म्हणत असेल, अमक्यांची सून उठली वाटतं, चला उठूया. ती तुमच्या बादलीच्या आवाजानं दिवस सुरू करत होती. फ्लॅटमध्ये तुम्ही काय वाजवता? मिक्सर आणि वॉशिंग मशीन, तेही दारं बंद करून. मला तर वाटतं, तुम्हाला ऐकू येत नाही यापेक्षा तुम्ही कुणाला ऐकू जात नाही, हे जास्त टोचतंय.

गल्लीतल्या प्रत्येक आवाजाला मालक असायचा. खोकला ऐकला की कोण ते कळायचं. चपलांची करकर ऐकून, कोण किती वाजता कुठून आला आणि कसा आला, हेसुद्धा कळायचं. (याचा जाचही कमी नव्हता. पेठेत वाढलेल्या कुठल्याही मुलीला विचारा.) सहाव्या मजल्यावर आवाज नाहीत असं म्हणू नका, तिथंही आहेत. पाण्याची मोटर सुरू होते, टाकी भरून वाहते, लिफ्टचं दार आपटतं, डक्टमधून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी येते, वरच्या मजल्यावर रात्री अकराला कुणीतरी खुर्ची ओढतं. फक्त ती खुर्ची कुणाची, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून ती त्रास देते. ज्या दिवशी कळेल की वर एक म्हातारे गृहस्थ आहेत आणि अकराची गोळी घ्यायला ते उठतात, त्या दिवसापासून खुर्ची वाजली नाही तर तुम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होईल.

म्हणून पहिलं काम सांगते. आठवडाभर घरातले आणि इमारतीतले आवाज एका वहीत लिहा, आणि प्रत्येकापुढं मालकाचं नाव. ज्याचं नाव येत नाही त्याचा छडा लावा. वाटीभर काहीतरी घेऊन वर जा, खाली जा. उगीच ओळख काढायला संकोच वाटतो, पण ‘तुमचा कुकर सकाळी सहाला वाजतो, डबा असतो वाटतं कुणाचा?’ असं विचारत आलेल्या बाईला कुणी दारातून परत पाठवत नाही. निदान कोल्हापुरात तरी नाही.

दुसरं, तुमचाही आवाज होऊ दे. खलबत्ता आणलाय का सोबत? शेंगदाण्याचं कूट, लसणाचा ठेचा मिक्सरऐवजी त्यात करा. मात्र खाली दुमडलेलं गोणपाट किंवा जाड रबर घाला. कुटण्याचा दणका ओट्यातून, फरशीतून थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या घरात तुमच्यापेक्षा मोठा ऐकू येतो. वेळही दुपारच्या झोपेची नको. खालच्या बाईला आधीच सांगून ठेवलंत तर तिच्या वहीत तुमच्या नावाची नोंद होईल.

आता यजमानांकडं येते, कारण तुमचं पत्र मी परत वाचलं ते त्यांच्यासाठी. तुम्ही त्यांना अरसिक ठरवून मोकळ्या झालात. पण घर त्यांचं होतं ना? जन्मापासून ते तिथं राहिले. पत्र्यावरचा पाऊस त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं ऐकलाय. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये, २०२१ च्या जुलैमध्ये रात्री त्याच पत्र्याखाली बसून पाणी उंबऱ्याला लागलं का ते त्यांनीही पाहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फुटांची आणि धोक्याची ४३ फुटांची, हे नदीकाठच्या माणसाला पाढ्यासारखं पाठ असतं. सहाव्या मजल्यावर पुराची भीती नाही हे त्यांना कळत नाही का? कळतं. तरी पाऊस वाजला की हात मोबाईलकडं जातो. तुम्हाला जो आवाज अंगाई वाटतो तो त्यांना भोंगा वाटतो. तुम्ही इअरफोनमधून पेठेत जाता, ते बंधाऱ्याच्या आकड्यांवरून जातात. एकाच खोलीत, एकाच रात्री दोघंही शुक्रवार पेठेतच असता, आणि दोघं एकमेकांना म्हणता की तुझं काहीतरी बिघडलंय.

हे त्यांच्यापाशी बोला. ‘तुम्ही खिडकी का लावता ते मला आत्ता कळलं,’ एवढ्यानं सुरुवात करा. आपल्याकडची मोठी माणसं भीती वाटते असं कबूल करत नाहीत, तेव्हा पहिल्या दिवशी ‘काहीतरीच काय’ असं उत्तर येईल. येऊ दे. पावसाच्या रात्री ते उठले की तुम्हीही उठा, चहा टाका आणि विचारा, किती झाली पातळी? पेठेत असताना हा प्रश्न गल्लीत सगळे सगळ्यांना विचारायचे. इथं ते एकटेच स्वतःला विचारताहेत.

आणि मोबाईलमधला तो पत्र्यावरचा पाऊस त्यांच्यासमोर मोठ्यानं लावू नका. बाकीचे आवाज मात्र जरूर ऐकवा. कुणी ठोकलेला शड्डू आहे, पाण्यावरून भांडतंय ती कोण, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार.

या रेकॉर्डिंगबद्दल थोडं. टिपून ठेवलंत ते चांगलंच केलंत. जपानच्या पर्यावरण खात्यानं १९९६ साली देशभरातून जपण्याजोगे १०० आवाज निवडले होते, देवळांच्या घंटांपासून समुद्राच्या लाटांपर्यंत. कोल्हापूरची अशी यादी कुणी केली तर तिच्यात काय काय यावं यावर आपल्याकडं मारामाऱ्या होतील. अंबाबाईच्या देवळातली घाटी दरवाजाची घंटा, खासबागेत कुस्ती रंगात आल्यावर चढणारी हलगी, गंगावेशीत दूध कट्ट्यावर भांड्यात पडणारी म्हशीची धार. सायलेन्सर काढलेली बुलेटही काही तरुण घुसडतील. पण असा आवाज जपायचा तर तो करणारी माणसं, त्यांचं काम आणि ती जागा टिकायला हवी. फाईल जपून तेवढं होत नाही. फोटोतल्या भाकरीकडं बघून भूक आठवते, भागत नाही. तुम्ही रोज रात्री तीच काही मिनिटं ऐकता. तीच घागर त्याच क्षणी आदळते. खऱ्या गल्लीत कधी असं झालं होतं? शिवाय बऱ्याच फोनचा माईक माणसाचं बोलणं पकडायला बनवलेला असतो, मागची घरघर, पाऊस, लांबची घंटा त्याला कचरा वाटते आणि तो ती दाबतो. तुम्हाला हवं ते नेमकं मागचंच.

तेव्हा झोपताना इअरफोन नको. ती फाईल संध्याकाळी, उजेडात, स्पीकरवर ऐका, आठवड्यातून एकदा फार तर. आणि प्रत्येक आवाजाला तुमच्या तोंडानं दोन वाक्यं जोडून ठेवा: हा कोण, हे कधीचं, पुढं काय झालं. मुलीला द्या. तिला त्या शड्डूत रस नसेल कदाचित, पण ‘हा बाळूमामा, ह्यानं तुला सायकल शिकवली’ असं तुमच्या आवाजात ऐकलं तर ती फाईल पुसणार नाही.

झोपेला म्हणून काही हवं असेल तर पंखा लावा. एकसारखा मंद आवाज असला की अधूनमधून होणारे खटके त्यात बुडतात. किंवा थंडीत एक खिडकी उघडी ठेवा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळं वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि दिवसा न पोचणाऱ्या गोष्टी लांबवर पोचतात. रहदारीही तेव्हा नसते. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी तुमच्या गॅलरीपर्यंत यायची बरीच शक्यता आहे.

कानातल्या सूं विषयी घाबरू नका. अगदी शांत खोलीत कित्येकांना असं ऐकू येतं, कारण त्याला झाकणारं दुसरं काही नसतं. पण तो दिवसाही राहत असेल, एकाच कानात असेल, ऐकायला कमी येत असेल किंवा चक्कर येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. पन्नाशीनंतर एकदा श्रवण तपासणी केलेली बरीच. आणि झोप महिनोन्महिने नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते पेठेच्या खात्यावर टाकू नका, डॉक्टरांपाशी बोला.

घड्याळाचा तंटा त्या मानानं सोपा आहे. ठोक्यांच्या जुन्या घड्याळांना बहुधा किल्लीची दोन भोकं असतात, एक चालीचं आणि एक ठोक्यांचं. बहुतेक घड्याळांत डावीकडचं ठोक्यांचं असतं. ठोक्यांच्या बाजूला किल्ली दिली नाही तर घड्याळ मुकाट्यानं वेळ दाखवत राहतं. यजमानांना ठोके नकोत ना, तर सध्या फक्त टिकटिक मागून घ्या, तीही झोपायच्या खोलीत नको, बाहेरच्या भिंतीवर. लावताना अगदी सरळ लावा. कलतं असलं तर टिक आणि टिकमधलं अंतर कमीजास्त होतं, घड्याळ लंगडल्यासारखं चालतं आणि काही वेळानं थांबतं. खालचं टोक बोटभर डावी-उजवीकडं सरकवत ऐकत राहायचं, दोन्ही टिक सारखे झाले की खिळ्याशी पक्कं करायचं. हे काम यजमानांना सांगा. त्यांच्या वडिलांना ते करताना त्यांनी पाहिलं असेल. पुढं दिवाळीत, मुलगी आल्यावर, ठोक्यांनाही किल्ली द्यायची की नाही ते तिघांनी ठरवा. खूप वर्षं तेलपाणी झालं नसेल तर आधी जाणत्या घड्याळजीला दाखवा, जुनी स्प्रिंग जोरात पिळू नका.

कृतघ्नपणाबद्दल मी फार बोलणार नाही. नव्या घराला काही वाटत नाही, ताई. ज्यांनी कर्ज काढून ते घेतलं त्यांना वाटू शकतं, म्हणून ‘इथं मेलं काही नाही’ हे वाक्य जेवताना तेवढं टाळा.

राहिला परत जाण्याचा हट्ट. जायचंच नाही असं मी म्हणणार नाही. भाड्यानं पेठेत राहणारी, फ्लॅट भाड्यानं दिलेली माणसं आहेत. पण तुमचं घर आता दुसऱ्याचं आहे. त्याच गल्लीत भाडेकरू म्हणून राहायचं म्हणजे रोज जाता-येता त्या दाराकडं बघायचं. कदाचित ते पाडून तिथं पार्किंग होताना बघायचं. आणि यजमानांना दर पावसाळ्यात पुन्हा त्या पाण्याशेजारी नेऊन ठेवायचं. जायचंच ठरलं तर पुराचं पाणी न चढणाऱ्या भागात बघा, आणि घर बघायच्या आधी नवरात्रात आठ-दहा दिवस कुणा नातेवाइकाकडं पेठेत राहून या. रात्री किती झोप लागते ते मोजा. पेठेतले वाचक एव्हाना हसायला लागले असतील. त्यांची पत्रं मला येतात ती उलटी असतात: बाई, इथं या आणि मिरवणुकीच्या दिवसांत झोपून दाखवा, भिंतीवरची भांडी थरथरतात. खरं आहे त्यांचं. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला दरबारात ठेवून ऐकणाऱ्या गावाची ही दशा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलीय, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे, सरकार सणाचे मोजके दिवस सवलत देतं तेवढी सोडून. ११२ वर तक्रार करता येते. करावी. तुम्ही ज्या पेठेची आठवण काढता तिच्यात हा दणदणाट तुम्ही धरलेला नाही, आणि तेही साहजिक आहे, आठवण निवडूनच ठेवते. शाहू मिलच्या भोंग्याचंच बघा. १९०६ साली शाहू महाराजांनी मुहूर्तमेढ रोवलेली ती मिल. तिच्या भोंग्याच्या आठवणीनं आज गहिवरणारे पुष्कळ आहेत. ज्यांना त्या भोंग्याबरोबर पाळीवर पळायचं होतं त्यांना तेव्हा तो एवढा गोड लागत नसावा. तुमच्या सासूबाई पाट्यावर वाटण वाटताना तुम्ही तो आवाज कौतुकानं ऐकला असेल, त्यांचा खांदा मात्र दुखत होता.

आणि हो, पहाटे चोरून जाणं बंद करा. जाणं बंद करू नका, चोरून जाणं बंद करा. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ऐकणारी बाई त्या गल्लीला परकीच वाटते, ओळखीची असली तरी. आत जा. कुणाच्या तरी दाराशी टेका. गंगावेशीतून येताना कट्ट्यावरचं दूध घ्या. तिथं उभ्यानं फेसाळ पेला पिणाऱ्यांकडं बघून मोह होईल, पण डॉक्टर कच्च्या दुधाला नाही म्हणतात ते योग्यच आहे. घरी आणून तापवा. घरी काय सांगायचं हा प्रश्नच उरत नाही, दूध आणायला गेले होते.

हे सगळं एकदम होणार नाही. पण एक काम लगेच धरता येईल. उन्हाळा आला की वर्षाची चटणी करायचीच आहे. गेली दोन वर्षं तुम्ही ती तयार आणली असावी असा माझा अंदाज आहे, फ्लॅटमध्ये मिरच्या वाळवायच्या कुठं म्हणून. या वर्षी इमारतीच्या गच्चीवर वाळवा, सोसायटीला विचारून. संकेश्वरी आणि ब्याडगी तुमच्या प्रमाणात घ्या, कांदा-खोबरं भाजून घ्या आणि जुन्या पेठेतल्याच मिरची कांडायच्या डंकावर नंबर लावा. ते लोखंडी मुसळ एकामागून एक आदळायला लागले की बोलायची सोय नसते, सगळ्या बायका खुणांनी बोलतात आणि शिंकतात, आणि मधेच कुणीतरी ओरडून विचारतंच, अगं, कुठं असतेस हल्ली? पिशव्या धरायला यजमानांना सोबत न्या. तोंडाला रुमाल बांधायला सांगा, आणि सकाळी लवकर जा. दहानंतर तिथं उभं राहवत नाही.